प्रश्न विचारायची जागा : पुण्याच्या रेडिओ मंडळापासून जालन्याच्या मोबाइलपर्यंत

१/ जुलै २०१७. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी पोलिसांकडे एक आगळीच तक्रार दिली. ती सावकाराविरुद्ध नव्हती, बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याविरुद्धही नव्हती. ती होती हवामान खात्याविरुद्ध. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पावसाने ओढ दिली आणि बियाणे-खत मातीत गेले, अशी त्यांची कैफियत होती.

२/ ही बातमी अनेकांनी हसण्यावारी नेली. पण तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दूरवरून आलेल्या माहितीवर विश्वास ठेवून शेतकऱ्याने पैसा लावला आणि ती माहिती चुकली, तर जाब विचारायचा कोणाला? बीडच्या उत्तर सीमेवरची गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा लागतो. आजचा धागा त्या जिल्ह्याचा आणि या प्रश्नाचा.

३/ प्रथम भूगोल. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून जालना जिल्हा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके. कापूस, सोयाबीन, तूर, मका आणि मोसंबी ही येथील मुख्य पिके. बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर. अशा शेतीत योग्य वेळी मिळालेली माहिती खताच्या गोणीइतकीच मोलाची असते, आणि चुकीची माहिती तितकीच महाग पडते.

४/ संगणकाच्या कितीतरी आधी या भूमीत ज्ञानाची देवाणघेवाण जोरात चालली होती. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या कृषी प्रदर्शनातून भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाचे बियाणे आणले आणि जालन्यात बीजोत्पादनाचा पाया घातला. १९६४ मध्ये ‘महिको’ उभी राहिली. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हण बियाण्यांच्या रूपाने नव्याने खरी ठरली.

५/ संकरित बीजोत्पादन हे नाजूक काम. मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी नर वाणाच्या फुलाचे पराग तिच्यावर लावायचे, आणि हे आठवडेच्या आठवडे, फुलामागून फूल. हे कौशल्य पुस्तकातून पसरले नाही. एका प्लॉटवर शिकलेल्या मजूर स्त्रियांनी दुसऱ्या प्लॉटवरच्या मुलींना ते दाखवले. बघणे, करणे, चुकणे आणि लगेच विचारणे, ही ती शाळा होती.

६/ आता थोडे पश्चिमेला, पुण्याकडे जाऊ. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामीण मंडळे’ स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम.

७/ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतली होती. तेथील सूत्र होते : वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. पुण्याच्या प्रयोगात गावातले पंधरा-वीस जण रेडिओभोवती जमत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून ऐकलेल्या विषयावर बोलत. एक संयोजक चर्चेची टिपणे काढी. गावाचे प्रश्न केंद्राकडे पाठवले जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या प्रसारणात येत.

८/ या प्रयोगाचा अभ्यास पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे केला. त्याने तीन प्रकारच्या गावांची तुलना केली : मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र ही वाढ फारच कमी होती. यंत्र दोन्हीकडे तेच होते आणि कार्यक्रमही तोच. फरक होता तो नंतरच्या अर्ध्या तासाचा.

९/ मित्रहो, हा निष्कर्ष नीट लक्षात ठेवा. पुढची सत्तर वर्षे तो पुन्हा पुन्हा विसरला गेला आणि पुन्हा पुन्हा नव्याने शोधावा लागला. जाता जाता एक गोष्ट : हा प्रयोग झाला तेव्हा जालना मुंबई राज्यात नव्हते. मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ पासून ही मंडळे देशभर नेण्यात आली, हजारोंनी स्थापन झाली, आणि रेडिओ संचांची दुरुस्ती व खात्यांचा समन्वय यांत अडकून हळूहळू विरली.

१०/ जालन्यात ती चर्चेची जागा वेगळ्या वाटेने तयार झाली. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले होते. १९८३ मध्ये जालन्याजवळ खरपुडी येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या वतीने कृषी विज्ञान केंद्र आले. विजयअण्णा बोराडे हे या कामातले प्रमुख नाव. शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांना समोरासमोर बसवणारे मासिक चर्चासत्र ही या केंद्राची ओळख झाली. तेथे शेतकरी आपल्या पिकाची तक्रार मांडू शकत होता, आणि उत्तर पटले नाही तर पुढच्या महिन्यात तसे सांगूही शकत होता.

११/ याच केंद्राच्या मार्गदर्शनाखाली जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमांतर्गत पाणलोट विकासाचे काम झाले. बांधबंदिस्ती, समतल चर, नाल्यांवरचे उपचार, पुढे ठिबक, शेकडो शेततळी आणि द्राक्षबागा. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या. कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. मग लोक कडवंची पाहायला येऊ लागले. शेतकऱ्याचा शेतकऱ्यावर बसणारा विश्वास असा शिवारात उभे राहून तयार होतो.

१२/ आता संगणकाचे युग. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारून शेतकऱ्याला पीकसल्ला, बाजारभाव आणि शासकीय माहिती देण्याचा मनोदय होता. देशभर त्याचा गाजावाजा झाला.

१३/ काही वर्षांनी संशोधकांनी जवळून पाहिले तेव्हा चित्र निराळे दिसले. ही केंद्रे प्रामुख्याने साखर कारखान्याच्या व्यवहारासाठी वापरली जात होती : ऊस किती गेला, बिल किती निघाले, खत किती मिळणार. पीकसल्ल्यासाठी त्यांचा उपयोग नगण्य होता. पुढे प्रयोगादाखल काही गावांतील संगणकाचे हे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर हलवण्यात आले आणि ते स्वस्तात, सुरळीत चालले. शेतकऱ्याला काय हवे आहे, हे आधी विचारले असते तर पुष्कळ खर्च वाचला असता.

१४/ याउलट २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईतील प्रयोगशाळेने ‘आक्वा’ नावाची व्यवस्था तयार केली. तिचा पायाच प्रश्न हा होता. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न विचारायचा, जमल्यास रोगट पानाचे छायाचित्र जोडायचे, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे. उत्तर सर्वांना दिसे; म्हणजे एकाच्या शंकेचा लाभ दहा जणांना मिळे. १९५६ च्या मंडळाचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल.

१५/ २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले : १८००-१८०-१५५१, विनामूल्य आणि मातृभाषेत. २००५ मध्ये ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले मराठी दैनिक आले आणि यशकथा, बाजारभाव, पीकसल्ला रोज सकाळी गावात पोहोचू लागला. या काळाची एक अडचण आजच्या पिढीला ठाऊक नसेल : अनेक मोबाइलवर देवनागरी उमटतच नसे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. मराठी सल्ला रोमन लिपीत लिहून पाठवावा लागे.

१६/ २००७ मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सशुल्क एसएमएस सेवा महाराष्ट्रात आली. भाव, हवामान, पीकसल्ला, सारे मोबाइलवर. तिच्याकडून मोठी अपेक्षा होती. कारण त्याच वर्षी रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या मच्छीमारांवरील अभ्यास गाजला होता. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच किनाऱ्यावरचे भाव विचारू लागले, मासळीची नासाडी थांबली आणि बंदरा-बंदरांतील भावांची तफावत घटली, असे त्यात दिसले होते.

१७/ मात्र फाफशाँ आणि मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत ही एसएमएस सेवा तपासली, तेव्हा शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात सरासरीने लक्षणीय फरक आढळला नाही. असे का व्हावे? मच्छीमाराची होडी कोणत्याही बंदराकडे वळू शकते. पण ज्याने आडत्याकडून हंगामाच्या आरंभी उचल घेतली आहे, ज्याच्याकडे माल साठवायला जागा नाही, त्याला शेजारच्या बाजारातला चढा भाव कळला तरी करायचे काय? माहिती हाती असली, तरी तिच्यावर चालण्याची मोकळीक असावी लागते.

१८/ मराठवाड्याला जवळचा प्रयोग म्हणजे ‘क्रॉपसॅप’. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून धडा घेऊन २००९ पासून राज्याने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. सर्वेक्षक ठरावीक शेतांत जाऊन अळ्या मोजत, आकडे संगणकावर जात, कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ ते पाहून सल्ला तयार करत आणि तो एसएमएसने शेतकऱ्यापर्यंत पोहोचे. मराठवाड्यासाठी ही जबाबदारी परभणीच्या विद्यापीठाकडे आली.

१९/ येथे तंत्रज्ञानाने एक मूलभूत गोष्ट साधली. पूर्वी अळी दिसली की शेजारी फवारतो म्हणून आपणही फवारायचे, अशी रीत होती. आता ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ओलांडली आहे की नाही, हे मोजून सांगता येऊ लागले. फवारणी टाळण्याचा सल्लाही मिळू लागला. औषध विकणारा हा सल्ला सहसा देत नाही.

२०/ तरीही २०१७ आले. त्या वर्षी महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजवला. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये. पाकिटात साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्यासोबत एकशेवीस ग्रॅम बिगर-बीटी बियाणे असे. ते कडेच्या ओळींत लावायचे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. पण त्यामागचे कारण फार थोड्यांना उमगले. अनेकांनी ती छोटी पिशवी फेकून दिली. फरदड घेण्याची सवयही सुटली नाही आणि अळीला वर्षभर आसरा मिळत गेला.

२१/ सूचना पाकिटावर छापलेली होती. तिच्यामागचे कारण समजावणारी चर्चा झाली नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सल्ला पोहोचणे आणि तो उमगणे यांतील अंतर कधी कधी असे जिवावर बेतते.

२२/ २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट गावोगाव झाले. मोसंबीचे गट, द्राक्षाचे गट, रेशीम कोषांचे गट. पहाटे शिवारातून पानाचा फोटो टाकला की न्याहारीपर्यंत चार उत्तरे येतात. २०१८ मध्ये मक्यावर नवी लष्करी अळी भारतात आली, तेव्हा तिच्या डोक्यावरील उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या खुणेची छायाचित्रे अशाच गटांतून फिरली आणि हजारो शेतकरी ती ओळखायला शिकले. ही या साधनाची ताकद.

२३/ त्याची कमजोरीही तेथेच आहे. गटातले चारपैकी कोणते उत्तर अभ्यासातून आले आणि कोणते दुकानाच्या गल्ल्यावरून, हे उत्तरावर लिहिलेले नसते. शिवाय मोबाइल क्रमांक नोंदला जातो तो बहुधा सातबारावर नाव असलेल्या पुरुषाचा. निंदणी, वेचणी, परागीकरण करणाऱ्या बाईपर्यंत सल्ला पोहोचतो तो घरातल्या कोणाच्या तरी तोंडून, अर्धामुर्धा. जिच्या हातांनी जालन्याचे बियाणे घडले, तीच या गटांत सर्वांत कमी दिसते.

२४/ हवामानाचेच घ्या. परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांचे अंदाज मराठवाड्यात प्रचंड प्रमाणात ऐकले जातात. त्यांच्या पद्धतीवर हवामानशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. पण शेतकरी ऐकतो का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. तेथे तारीख असते, परिसराचे नाव असते आणि बोलणे आपल्या मराठीतले असते. शास्त्रीय अंदाज जिल्हा पातळीवर अडखळला की मधली पोकळी कोणीतरी भरतोच.

२५/ ती पोकळी भरण्यासाठी देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारण्यात आली होती. स्थानिक भाषेत, तालुक्यापुरता सल्ला देणे हे त्यांचे काम. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. उपग्रह वर तसाच फिरत राहिला. खाली त्याचा निरोप समजावून सांगणारा माणूस उठून गेला.

२६/ आशादायक उदाहरणही आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जालन्यासह पंधरा जिल्हे होते. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाचा ‘पाण्याचा ताळेबंद’ मांडण्याचे संगणकीय साधन तयार झाले : पाऊस किती पडला, मातीत किती मुरला, वाहून किती गेला, पिकांची गरज किती. हा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा, ही त्यामागची कल्पना.

२७/ कल्पना मोलाची, कारण ती अवघड प्रश्नाला हात घालते. शेततळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर लावून त्यात विहिरीचे पाणी उपसून साठवले, तर ज्याच्याकडे तळे आहे त्याची बाग वाचते आणि शेजाऱ्याची विहीर आटते, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. द्राक्ष कसे घ्यावे हे ज्ञान वाटल्याने वाढते. पाणी वाटल्याने वाढत नाही. ताळेबंदाचा आकडा भ्रमणध्वनीवर येऊन तसाच राहिला तर निरुपयोगी. पारावर बसून त्यावर भांडण झाले तरच त्याचा उपयोग.

२८/ २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. आता यंत्र मराठीत बोलेल, पानाचा फोटो पाहून रोग सांगेल, रात्री दोन वाजताही उत्तर देईल. शेतकऱ्याला एकट्याने प्रश्न विचारण्याची इतकी सोय यापूर्वी कधीच नव्हती. पण उत्तर चुकले तर? आनंदगावचा प्रश्न येथे पुन्हा दारात उभा राहतो.

२९/ म्हणून १९५६ ची ती वही आठवावी. संयोजक गावाची शंका लिहून पुण्याला पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमात तिला उत्तर मिळे. त्या वहीत तीन गोष्टी होत्या : विचारण्याची मुभा, चारचौघांसमोर झालेली छाननी, आणि उत्तर देणाऱ्याचा पत्ता. खरपुडीच्या चर्चासत्रात त्या होत्या, ‘आक्वा’तही होत्या. नव्या यंत्राची पारख करताना याच तीन गोष्टी तपासाव्यात.

३०/ धागा येथे संपतो. काम मात्र तुमच्याकडे सोपवतो. रेडिओ मंडळांत बसलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. घरी आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारा : गावात रेडिओ कोणाकडे होता, भोवती कोण बसे, बायका कुठे बसत, प्रश्न कोण विचारी? उत्तरे लिहून ठेवा. शेतीच्या ज्ञानाचा हा इतिहास अजून कोणत्याही एका ग्रंथात बसलेला नाही.